सायकलच्या हँडलची रुंदी किती असावी? खांदे मोजण्यापासून हँडल कापण्यापर्यंत सगळी माहिती

रविवारची सकाळ आहे. भाईंदर पश्चिमेहून तुम्ही सायकल काढली आहे. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडली आणि डोंगरी येईपर्यंत हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. तुम्ही एक हात सोडून झटकता, मग दुसरा झटकता. उत्तनला पोहोचेपर्यंत मानही धरलेली असते. घरी येऊन मोबाईलवर शोधलं की सल्ले मिळतात: ग्लोव्हज घ्या, जेलच्या ग्रिप घ्या, सीट बदला. पैसे खर्च होतात, पण बोटं पुन्हा बधिर होतातच.

या सगळ्यात एक गोष्ट बहुतेक जण तपासतच नाहीत, ती म्हणजे हँडलची रुंदी. सायकल घेताना आपण गिअर किती, डिस्क ब्रेक आहे का, टायर किती जाड हे बघतो. हँडल कंपनीने बसवलेलं असतं, म्हणून ते बरोबरच असणार असं आपण धरून चालतो. पण कंपनी हँडल बसवते ते फ्रेमच्या साईजनुसार. तुमचे खांदे तिने मोजलेले नसतात.

या लेखात आपण बघू की रुंदी कशी मोजतात, तुमच्यासाठी किती योग्य आहे, घरच्या घरी एक रुपयाही न घालवता ते कसं तपासायचं आणि हँडल कापायची किंवा बदलायची वेळ आलीच तर काय काळजी घ्यायची. आपल्याकडे 'बाईक' म्हटलं की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते. हा लेख पायडल मारायच्या सायकलबद्दल आहे. मोटारसायकलबद्दल शेवटच्या प्रश्नोत्तरांत थोडं सांगितलं आहे.

हँडलची रुंदी म्हणजे नेमकं काय?

हँडलचे मुख्य दोन प्रकार आहेत आणि दोन्हींची रुंदी वेगळ्या पद्धतीने सांगतात.

१) फ्लॅट हँडल: सरळ किंवा थोडं वर उचललेलं. एमटीबी, हायब्रिड आणि बहुतेक गिअरच्या सायकलींना हेच असतं. याची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजतात. उदाहरणार्थ ६२०, ६८०, ७२० किंवा ७८० मिमी.

२) ड्रॉप हँडल: रोड आणि ग्रॅव्हल सायकलचं, खाली वळलेलं. याची रुंदी सेंटीमीटरमध्ये सांगतात: ३८, ४०, ४२, ४४. इथे एक गोंधळ होतो. बऱ्याच कंपन्या एका बाजूच्या नळीच्या मध्यापासून दुसऱ्या बाजूच्या नळीच्या मध्यापर्यंत मोजतात, तर काही कंपन्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. या दोन मोजमापांत साधारण २ सेंमीचा फरक पडतो. म्हणजे एका कंपनीचं ४२ हे दुसऱ्या कंपनीचं ४४ असू शकतं. ऑनलाइन ऑर्डर करताना मोजायची पद्धत वाचली नाही तर एक साईज चुकलीच म्हणून समजा.

ग्रॅव्हलच्या ड्रॉप हँडलमध्ये आणखी एक भानगड असते. ते खालच्या बाजूला बाहेर फाकलेलं असतं, त्याला फ्लेअर म्हणतात. अशा हँडलला दोन रुंद्या असतात: वर ब्रेकच्या मुठींजवळ कमी आणि खाली टोकाशी जास्त. तुमचे हात बहुतेक वेळ वर असतात, त्यामुळे निवड करताना वरची रुंदी बघा.

जुन्या काळ्या सायकलचं मागे वळलेलं हँडल तुम्ही पाहिलं असेल. त्यात मुठी आपल्याकडे वळलेल्या असल्यामुळे माणूस ताठ बसतो आणि मनगट नैसर्गिक कोनात राहतं. म्हणून त्या सायकलवर हात बधिर झाल्याची तक्रार कमी ऐकू येते. पण ताठ बसल्याने वारा जास्त लागतो आणि सगळा भार सीटवर येतो.

रुंदीने एवढा काय फरक पडतो?

पाना लांब असला की घट्ट नट सहज सुटतो. हँडलचंही तसंच आहे. हँडल म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेला एक पाना.

हिशेब करून बघू. ६०० मिमी हँडलमध्ये मध्यापासून मुठीच्या टोकापर्यंत ३०० मिमी अंतर असतं. ७८० मिमीमध्ये ते ३९० मिमी होतं, म्हणजे ३० टक्के जास्त. तेच चाक तेवढंच वळवायला ७८० मिमीच्या हँडलवर साधारण २३ टक्के कमी जोर लागतो, पण हात ३० टक्के जास्त हलवावा लागतो.

याचा अर्थ असा:

- रुंद हँडल: खड्ड्यात किंवा दगडावर चाक आदळलं तरी हातातून झटकन वळत नाही. कमी वेगात तोल सांभाळणं सोपं जातं. पण हात फाकतात, छाती खाली जाते आणि मानेवर ताण येतो. गर्दीत जागाही जास्त लागते.
- अरुंद हँडल: गर्दीतून निघायला सोपं, वारा कमी लागतो आणि छोट्या हालचालीत सायकल वळते. पण खड्ड्यात झटका जास्त जाणवतो आणि कमी वेगात पुढचं चाक डगमगतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हँडल रुंद केलं की हात फाकतात आणि त्याच मुठीपर्यंत पोहोचायला तुम्हाला थोडं जास्त पुढे वाकावं लागतं. म्हणजे रुंदी वाढली की सायकल थोडी लांबही झाल्यासारखी वाटते. ढोबळ हिशेब असा की रुंदी २० मिमीने वाढवली तर पुढे सरकलेला हँडलचा दांडा, म्हणजे स्टेम, सुमारे १० मिमी आखूड लागू शकतो. म्हणून नुसती रुंदी बदलून थांबू नका, पोहोचही तपासा.

तुमचं हँडल चुकीचं आहे हे कसं ओळखायचं?

सगळ्यात सोपी खूण: पंधरा-वीस मिनिटं निवांत चालवल्यावर तुमचे हात आपोआप कुठे जातात ते बघा. ग्रिप सोडून हात आतल्या बाजूला, ब्रेक लिव्हरच्या जवळ किंवा त्याहून आत सरकत असतील तर हँडल तुमच्यासाठी रुंद आहे. तळहाताचा बाहेरचा भाग ग्रिपच्या टोकावरून खाली लोंबत असेल तर हँडल अरुंद आहे. शरीर खोटं बोलत नाही.

हँडल जास्त रुंद असल्याच्या बाकी खुणा:

- मान आणि खांद्यांच्या वरच्या भागात दुखणं
- दोन फऱ्यांच्या मध्ये, म्हणजे पाठीच्या वरच्या भागात आखडणं
- कोपरं ताठ राहणं
- मनगट बाहेरच्या बाजूला मुडपलेलं राहणं

हँडल जास्त अरुंद असल्याच्या खुणा:

- उभं राहून पायडल मारताना सायकल हातात न राहणं
- सिग्नलवरून निघताना पुढचं चाक डगमगणं
- कोपरं बाहेर फाकणं
- खड्ड्यात हँडल हातातून निसटेल असं वाटणं

आता बधिर होण्याबद्दल. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताच्या बाहेरच्या कडेने जाणारी अल्नर नस दबत असते. हे सायकल चालवणाऱ्यांमध्ये इतकं सर्रास आढळतं की डॉक्टर त्याला 'हँडलबार पाल्सी' म्हणूनच ओळखतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर मनगटातली मीडियन नस दबत असण्याची शक्यता जास्त. दोन्हीमागे रुंदीशिवाय इतर कारणंही असू शकतात: सीटचं टोक खाली झुकलेलं असणं, हँडल फार लांब किंवा फार खाली असणं, तासभर हात एकाच जागी ठेवणं. सायकलवरून उतरल्यावर काही मिनिटांत बोटं पूर्ववत होत असतील तर फिटिंग सुधारून बघा. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला किंवा बोटांतली ताकद कमी झाल्यासारखी वाटली, शर्टाचं बटण लावायला जमेना, तर सायकल बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. नस जास्त काळ दबलेली राहिली तर बरी व्हायला महिनेही लागू शकतात.

आधी सीट, मग हँडल

हँडलला हात लावण्याआधी सीट नीट करा. सीट चुकीची असेल तर सगळा भार हातांवर येतो आणि दोष विनाकारण हँडलला मिळतो.

१) भिंतीला धरून सायकलवर बसा. टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. या स्थितीत पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो. ही झाली सीटची उंची.

२) सीट जमिनीला समांतर ठेवा. मोबाईलमधलं लेव्हल अॅप उघडा, सीटवर एक सपाट वही ठेवा आणि त्यावर मोबाईल. टोक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही पुढे घसरत राहता आणि ते थांबवायला हातांनी जोर लावता.

३) आता हँडल धरून बाजूने फोटो काढायला सांगा. कोपरात थोडा वाक दिसला पाहिजे. हात पूर्ण ताठ असतील तर हँडल लांब पडतंय.

हे तिन्ही जमल्यावरही त्रास राहिला तर रुंदीकडे वळा.

खांद्याची रुंदी मोजायची पद्धत

शर्ट शिवताना टेलर घेतो ते खांद्याचं माप इथे चालत नाही, कारण ते दंडाच्या मांसल भागापर्यंत जातं. आपल्याला हवं आहे हाडापासून हाडापर्यंतचं अंतर. मानेपासून खांद्याच्या वरून बोट बाहेर सरकवत न्या. खांदा संपून दंड सुरू होण्याआधी वरच्या बाजूला एक टणक हाड लागतं. दोन्ही बाजूंची ती दोन हाडं म्हणजे आपली खूण.

भिंत आणि वहीची पद्धत (सगळ्यात खात्रीची):

१) भिंतीला पाठ टेकून सरळ उभे राहा. खांदे सैल सोडा, छाती फुगवू नका.
२) मित्राला एक जाड पुठ्ठ्याची वही उभी धरायला सांगा. वहीची एक कड भिंतीला पूर्ण टेकलेली असावी, म्हणजे वही भिंतीशी काटकोनात राहील.
३) वही खांद्याच्या हाडाला लागेपर्यंत बाजूने आत सरकवा आणि भिंतीवर पेन्सिलने खूण करा.
४) दुसऱ्या बाजूलाही तसंच करा.
५) दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. हे तीनदा करा आणि मधलं माप घ्या.

मोबाईलची पद्धत:

१) एक ए-४ कागद घ्या. त्याची लांब बाजू बरोबर २९७ मिमी असते. हाच आपला फूटपट्टीचा तुकडा.
२) दोन्ही खांद्यांच्या हाडांवर छोट्या टिकल्या किंवा टेपचे तुकडे चिकटवा.
३) मित्राला कागद तुमच्या खांद्याच्या शेजारी, खांद्याच्याच रेषेत सपाट धरायला सांगा.
४) मोबाईल खांद्याच्या उंचीवर, किमान ३ मीटर दूर ठेवा आणि २एक्स झूमने फोटो काढा. अगदी जवळून, वाइड लेन्सने काढू नका, फोटोच्या कडा ताणल्या जातात.
५) फोटो एडिटरमध्ये कागदाची लांब बाजू आणि खांद्यांमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. खांद्याचे पिक्सेल भागिले कागदाचे पिक्सेल गुणिले २९७, झालं तुमचं माप मिमीमध्ये.

समजा कागद ६०० पिक्सेल आणि खांदे ७५० पिक्सेल आले. ७५० भागिले ६०० म्हणजे १.२५. त्याला २९७ ने गुणलं की सुमारे ३७१ मिमी, म्हणजे ३७ सेंमी.

कागद खांद्याच्या रेषेतच का? कागद मागच्या भिंतीवर चिकटवला आणि खांद्याचं हाड भिंतीपासून १० सेंमी पुढे असलं, तर ३ मीटरवरून काढलेल्या फोटोत सुमारे ३ टक्के चूक येते. ३६ सेंमीचा खांदा ३७ च्या वर दिसतो. एवढ्याने अर्धी साईज चुकते.

ड्रॉप हँडलसाठी किती?

इथला जुना नियम आजही सुरुवातीला कामाला येतो: खांद्याच्या हाडांमधलं अंतर जेवढं, साधारण तेवढी मध्य-ते-मध्य रुंदी.

- खांदे ३४ ते ३६ सेंमी: ३६ किंवा ३८
- खांदे ३७ ते ३९ सेंमी: ३८ किंवा ४०
- खांदे ४० ते ४२ सेंमी: ४० किंवा ४२
- खांदे ४३ सेंमी किंवा जास्त: ४२ किंवा ४४

दोन साईजच्या मध्ये अडकलात तर वापर बघा. वेगासाठी, गुळगुळीत रस्त्यावर चालवायची असेल तर लहान साईज. खराब रस्ता, सामान बांधून लांबचा प्रवास किंवा ग्रॅव्हल असेल तर मोठी.

इथे मुली आणि कमी उंचीच्या मुलांचं नेहमी नुकसान होतं. लहान फ्रेमवरही कंपनी ४० किंवा ४२ चं हँडल बसवते आणि ज्याचे खांदे ३४ सेंमी आहेत त्याला ते सायकल विकत घेतल्यापासून खुपत राहतं. उलट, उंची कमी पण खांदे रुंद असाही माणूस असतो. म्हणून उंचीवरून किंवा मुलगा-मुलगी बघून हँडल ठरवू नका. माप घ्या.

हाच वाद जागतिक पातळीवरही झाला. सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना यूसीआयने १ जानेवारी २०२६ पासून रोड शर्यतींसाठी हँडलची बाहेरून-बाहेर किमान रुंदी ४०० मिमी केली. आधी ती ३५० मिमी होती. कमी वाऱ्यासाठी रेसर फारच अरुंद हँडल वापरायला लागले आणि त्यात धोका आहे, हे त्यामागचं कारण. पण अरुंद खांद्यांच्या महिला रेसरनी यावर आक्षेप घेतला, कारण त्यांच्यासाठी अरुंद हँडल ही युक्ती नव्हती, त्यांचं खरं माप तेच होतं. नळी सुमारे २४ मिमी जाड धरली तर बाहेरून ४०० मिमी म्हणजे मध्य-ते-मध्य साधारण ३७.६ सेंमी. तुम्ही शर्यतीत उतरणार नसाल तर हा नियम तुम्हाला लागू नाही, तुमच्या खांद्यांना बसेल ते निवडा.

फ्लॅट हँडलसाठी किती?

फ्लॅट हँडलला खांद्याच्या मापाचा इतका सरळ नियम नाही, कारण त्यात हात खांद्यांच्या बाहेर असणं अपेक्षितच असतं. १९९० च्या दशकातल्या एमटीबींना ६०० मिमीच्या आतलीच हँडल असायची. आज डोंगरात उड्या मारायच्या सायकलींना ७६० ते ८०० मिमी असतात. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण सायकलींची रचनाच बदलली आहे: फ्रेम लांब झाली आणि स्टेम आखूड झाला.

सुरुवातीसाठी हे आकडे धरा:

- शहरात रोजचा वापर, हायब्रिड: ५८० ते ६८० मिमी
- गिअरची साधी एमटीबी, थोडा खराब रस्ता: ६४० ते ७२० मिमी
- खरोखर ट्रेलवर चालवायची एमटीबी: ७२० ते ८०० मिमी

स्वतःची जागा शोधायला जोर मारून बघा. जमिनीवर पुश-अपच्या स्थितीत या, डोळे मिटा आणि दोन-तीन जोर मारा. ज्या जागी सगळ्यात कमी कष्ट वाटतात तिथे हात थांबवा. एका तळहाताच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजून घ्या. हे ट्रेलच्या सायकलसाठी चांगलं माप आहे. रस्त्यावर चालवायची असेल तर त्याहून थोडं कमी आरामदायक वाटतं.

मीरा-भाईंदरमध्ये चालवताना काय बघायचं?

पुस्तकी माप आणि आपला रस्ता यांची सांगड घालावी लागते.

स्टेशन आणि गोल्डन नेस्टकडची गर्दी: रिक्षा, स्कूटर आणि बस यांच्या मधून जाताना सायकलचा सगळ्यात रुंद भाग हँडलच असतो. ७८० मिमीऐवजी ६२० मिमी हँडल असेल तर प्रत्येक बाजूला ८ सेंमी जागा वाचते. आरसा लावला असेल तर तोही मोजा. रिक्षाच्या आरशाला हँडल अडकणं म्हणजे सरळ खाली पडणं.

घोडबंदर रोड: काजूपाडा, गायमुख घाट, शेजारून जाणारे कंटेनर आणि पावसाळ्यातले खड्डे. इथे फार अरुंद हँडल नको. खड्ड्यात चाक आपटून सायकल उजवीकडे एक फूट जरी सरकली तरी शेजारी ट्रक असतो. ६४० ते ६८० मिमी हा इथे चांगला मध्य आहे.

उत्तन, चौक, गोराईकडचा रस्ता: सकाळी मजा येते, पण दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो आणि उत्तनकडे जाताना तो समोर असतो. फार रुंद हँडलवर छाती उघडी पडून पालासारखी वारा अडवते. वळणं आणि गावातल्या अरुंद गल्ल्या आहेत, म्हणून इथेही मध्यम रुंदी बरी.

सोसायटी: सायकल लिफ्टमधून नेऊन घरात ठेवणार असाल तर लिफ्टचा दरवाजा आणि पॅसेज आधी मोजा. हँडल वळवून सायकल आत जाते खरी, पण रोज दोन वेळा हे करायचं असतं.

मोबाईल होल्डर: अरुंद हँडलवर घंटी, लाईट, होल्डर आणि ब्रेक-गिअरचे लिव्हर यांना जागा पुरत नाही. मग लोक लिव्हर बाजूला सरकवतात आणि ब्रेक बोटांना नीट येत नाही. आधी ब्रेक, मग बाकी सगळं.

कापण्याआधी फुकटात चाचणी घ्या

कापलेलं हँडल पुन्हा वाढत नाही. म्हणून घाई नको.

१) ब्रेक आणि गिअरचे लिव्हर अॅलन कीने सैल करा आणि प्रत्येक बाजूला १० मिमी आत सरकवा.
२) ग्रिप स्क्रूची असेल तर तीही १० मिमी आत घ्या. साधी रबराची असेल तर ती काढून पुन्हा बसवावी लागेल.
३) सगळं घट्ट करा, ब्रेक दाबून बघा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यावर चालवा.
४) बरं वाटलं पण अजून रुंद वाटतंय, तर पुन्हा १० मिमी आत.
५) एका टप्प्यावर सायकल डगमगायला लागेल. त्याच्या आधीचा टप्पा तुमचा.

चाचणीच्या वेळी ग्रिपच्या बाहेर उघडं टोक राहतं. त्यावर प्लग बसवलेला असू द्या आणि या काळात गर्दीत जपून चालवा.

सोबत एक व्हिडिओ घ्या. सोसायटीच्या रस्त्यावर सरळ चालवत या आणि मित्राला समोरून स्लो-मोशनमध्ये शूट करायला सांगा. खांदे कानांकडे चढलेत का, कोपरं ताठ आहेत का, मनगट वाकडं आहे का, हे तुम्हाला स्वतःला दिसेल. आठवड्याच्या आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ शेजारी ठेवून बघा.

हँडल कापायचं ठरलं तर

- हँडलवर कंपनीने कापायच्या खुणा किंवा किमान रुंदी छापलेली आहे का बघा. त्याच्या आत कापू नका.
- मध्यापासून दोन्ही बाजूंना सारखं मोजा, टेप गुंडाळून रेष काढा. एकाच बाजूने कापून साईज पूर्ण करायची नाही.
- अॅल्युमिनियमचं हँडल लोखंड कापायच्या बारीक दाताच्या करवतीने कापता येतं. एका वेळी प्रत्येक बाजूला ५ ते १० मिमीच कापा.
- कापलेली कड कानशीने गुळगुळीत करा.
- टोकाला प्लग बसवल्याशिवाय सायकल रस्त्यावर काढू नका. पडल्यावर उघडी नळी पोटात किंवा मांडीत घुसते आणि गंभीर जखम होते.
- कार्बनचं हँडल घरी कापू नका. त्याची धूळ फुप्फुसात जाणं वाईट आणि चुकीचा कट धोक्याचा. जाणकार मेकॅनिककडे द्या.
- ड्रॉप हँडल कापून अरुंद करता येत नाही. ते बदलावंच लागतं.

नवीन हँडल घेताना

१) स्टेममध्ये बसणाऱ्या मधल्या भागाचा व्यास बघा: २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी. तुमच्या स्टेमशी तो जुळलाच पाहिजे. पत्रा किंवा कागद घालून जाड करायचा जुगाड करू नका, उतारावर हँडल फिरलं तर तुमच्या हातात काहीच राहत नाही.
२) ग्रिपच्या जागी फ्लॅट हँडल २२.२ मिमी आणि ड्रॉप हँडल साधारण २३.८ मिमी असतं. म्हणून फ्लॅटचे लिव्हर ड्रॉपवर बसत नाहीत. फ्लॅट काढून ड्रॉप लावायचं म्हणजे लिव्हरही नवीन, आणि तो खर्च हँडलपेक्षा जास्त असतो.
३) रुंद हँडल लावलं तर ब्रेक आणि गिअरच्या वायरी पुरतात का बघा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. वायर ताणली जात असेल तर लांब वायर टाका.
४) स्टेमचे चार बोल्ट एकाआड एक, तिरपे आणि थोडे-थोडे घट्ट करा. वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. किती घट्ट करायचं ते बहुतेक स्टेमवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेलं असतं, साधारण ५ ते ६.
५) शेवटी पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल जोरात फिरवून बघा. हललं तर रस्त्यावर जाऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न: रुंद हँडलने श्वास मोकळा होतो का?
उत्तर: ही जुनी समजूत आहे. आजचे अनेक रेसर अरुंद हँडलवर तासन्‌तास जोर लावतात. श्वास अडखळतो तो बहुतेक वेळा हँडल फार खाली असल्याने आणि पोट दाबलं गेल्याने.

प्रश्न: मी वाढत्या वयाचा आहे, आत्ता कापू का?
उत्तर: नाही. १६-१७ वर्षांचे असाल तर खांदे अजून रुंद होणार आहेत. फक्त ग्रिप आत सरकवून काम भागवा.

प्रश्न: मी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करतोय. नवीन हँडल कधी लावू?
उत्तर: त्यासाठी १३ तास ३० मिनिटांची मुदत असते, म्हणजे हात तेवढा वेळ हँडलवर. किमान महिनाभर आधी बदला आणि दोन-तीन लांब फेऱ्या मारा. आदल्या आठवड्यात काहीही बदलू नका.

प्रश्न: हँडल बरोबर आहे तरी बोटं बधिर होतात?
उत्तर: दर दहा मिनिटांनी हातांची जागा बदला, ग्रिप घट्ट आवळू नका, पुढच्या टायरची हवा थोडी कमी करून बघा. फ्लॅट हँडलला तळहात टेकवायला रुंद पंखासारखी ग्रिप मिळते, तीही उपयोगी पडते.

प्रश्न: मोटारसायकलचं हँडल असंच बदलता येईल का?
उत्तर: ते वेगळं प्रकरण आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करण्यावर निर्बंध आहेत. आधी अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि आरटीओकडे चौकशी करा.

थोडक्यात (याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा)

१) आधी सीटची उंची आणि लेव्हल, मग पोहोच, मग रुंदी.
२) हात आपोआप आत सरकतात म्हणजे रुंद, बाहेर लोंबतात म्हणजे अरुंद.
३) ड्रॉप हँडल: खांद्याच्या हाडांमधलं अंतर, मध्य-ते-मध्य.
४) फ्लॅट हँडल: शहरात ५८० ते ६८० मिमी, घोडबंदरसारख्या रस्त्यावर ६४० च्या आसपास किंवा थोडं जास्त.
५) लिव्हर आणि ग्रिप १० मिमी आत सरकवून आठवडाभर चाचणी.
६) कापलं तर दोन्ही बाजूंनी सारखं, थोडं-थोडं आणि प्लगसकट.
७) बधिरपणा दुसऱ्या दिवशी राहिला तर डॉक्टर.

बरेच जण हात-मान दुखते म्हणून सायकल बाल्कनीत उभी करतात आणि ती तिथेच गंजते. दोष सायकलचाही नसतो आणि तुमचाही नसतो, कधी कधी फक्त दोन सेंटीमीटरचा असतो. या रविवारी निघण्याआधी टेप आणि एक वही घेऊन भिंतीला पाठ टेकून उभे राहा. तुमचं माप किती आलं आणि सायकलवरचं हँडल किती निघालं, ते आम्हाला नक्की कळवा. त्रास असलेल्या मित्रालाही हा लेख पाठवा.